लास्ट क्वेश्चन, प्लीज!

शुक्रवारची सकाळ. नवा पिक्चर आजच लागलाय आणि तुम्ही ट्रेनमध्ये कशीबशी मिळालेली चौथी सीट सांभाळत पुरवणी उघडता. हीरो सांगतोय, या रोलसाठी त्यानं सहा महिने भाताला हात लावला नाही. ग्रेट! लंच टाइमला कँटीनमध्ये दुसरा पेपर हाती येतो. तिथेही भात सोडलेलाच. संध्याकाळी घरी टीव्ही लावता, तर तोच सोफा, तोच शर्ट आणि तोच भात. रात्री झोपण्यापूर्वी मोबाइल चाळता, तर रीलमध्येही भातच! चार जागा, चार मुलाखतकार आणि गोष्ट मात्र एकच.

आता या चौघांपैकी एकालाही दुसरं काही विचारावंसं वाटलं नसेल का? वाटलं असेल की! आधीचे तीन पिक्चर का आपटले, शूटिंग मध्येच चार महिने का थांबलं होतं, ज्युनिअर लोकांचे पैसे मिळाले का... प्रश्न डोक्यात असतातच. पण त्या खोलीत आणखी एक व्यक्ती बसलेली असते. फोटोत ती दिसत नाही, लेखावर तिचं नाव नसतं. एका हातात दोन मोबाइल, दुसऱ्या हातात नावांची यादी आणि नजर घड्याळावर. हीरोचं वाक्य पूर्ण होण्याच्या आत तिचा गोड आवाज येतो, "सर, लास्ट क्वेश्चन, प्लीज!"

हीच ती पब्लिसिस्ट. आपल्या बोलीत 'पीआर'. मुलाखत स्टारची असते, नाव पत्रकाराचं छापून येतं, पण तिचा आराखडा बऱ्याचदा या तिसऱ्या व्यक्तीनं आखलेला असतो. या तिघांचं नातं मोठं मजेशीर आहे. लग्न म्हणावं तर प्रेम नाही, भांडण म्हणावं तर एकमेकांशिवाय करमत नाही.

दहा मिनिटांचा कांदेपोहे कार्यक्रम

'नॉटिंग हिल' (१९९९) पाहिलाय ना? ह्यू ग्रँट बिचारा ज्युलिया रॉबर्ट्सला भेटायला हॉटेलात जातो आणि भलत्याच गर्दीत सापडतो. तिथे पत्रकारांची रांग लागलेली असते. कुठून आलात, असं विचारल्यावर तो घाबरून 'हॉर्स अँड हाउंड' या घोडे आणि शिकारीच्या मासिकाचं नाव ठोकून देतो. मग पिक्चरमध्ये घोडे आहेत का, असं विचारतो. पिक्चर असतो अंतराळातला! आपण पोट धरून हसलो होतो. पण तो सीन फार काही वाढवून सांगितलेला नव्हता. त्या प्रकाराला म्हणतात 'जंकेट'.

जंकेटचा फंडा सोपा आहे. स्टार एका खोलीत बसून राहतो, बदलत राहतात ते पत्रकार. मागे पिक्चरचं पोस्टर, समोर पाण्याची बाटली. मोठ्या पेपरला किंवा चॅनेलला एकट्यानं बोलायला मिळतं, ते 'वन-ऑन-वन'. बाकीच्यांना सहा-आठ जणांच्या घोळक्यात 'राउंड टेबल'. तिथे एकानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या रेकॉर्डरमध्ये जातं, म्हणून भात सगळीकडे तोच! हॉलिवूडच्या टीव्ही जंकेटमध्ये तर बरेचदा कॅमेरेही स्टुडिओचेच असतात. पत्रकारानं यायचं, बसायचं, विचारायचं आणि जाताना रेकॉर्डिंग घेऊन जायचं. आपल्याकडे जुहू-अंधेरीच्या हॉटेलांत किंवा प्रॉडक्शन हाउसच्या ऑफिसात हाच कार्यक्रम चालतो. अगदी कांदेपोहे स्टाइल. मुलगी एकच, बघायला येणारी स्थळं तीस, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं.

त्याआधी फोनवर अटी ठरतात. "फक्त फिल्मबद्दल हं. पर्सनल काही नको. तो जुना वाद तर अजिबात नको." काही ठिकाणी प्रश्न आधी मागवून घेतात. काही ठिकाणी मुलाखत झाल्यावर "हेडिंग काय देताय?" असा फोन येतो. यातलं जवळजवळ काहीच कागदावर नसतं. एखाद्यानं नको तो प्रश्न विचारलाच, तर त्याला कुणी कोर्टात खेचत नाही. फक्त पुढच्या पिक्चरच्या वेळी त्याचा फोन उचलला जात नाही.

सगळी मेख इथेच आहे. पब्लिसिस्टच्या हातात एकच हत्यार असतं, ते म्हणजे 'पुढची वेळ'. संपादकाला पुढच्या महिन्यातही कव्हर हवंय, चॅनेलला दिवाळी स्पेशल हवाय. ते डोक्यात ठेवूनच आजचे प्रश्न ठरतात. तुम्ही वाचता ती मुलाखत आजची असते, पण तिची किंमत पुढच्या मुलाखतीच्या नाण्यांत चुकवलेली असते.

एकेकाळी गंगा उलटी वाहायची

कायम असंच होतं, असं मात्र नाही. १९३० आणि ४० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर विंचेल नावाचा स्तंभलेखक होता. अमेरिकेतल्या शेकडो पेपरांत त्याचा कॉलम छापून यायचा, शिवाय रेडिओ. त्या काळातले पब्लिसिस्ट त्याच्या टेबलाभोवती घुटमळत. आपल्या क्लाएंटचं नाव एका ओळीत यावं म्हणून त्याला दुसऱ्या कुणाची तरी खमंग खबर आणून देत. 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' (१९५७) हा पिक्चर याच दुनियेवर आहे. त्यात बर्ट लँकेस्टर मग्रूर स्तंभलेखक आणि टोनी कर्टिस त्याच्या तुकड्यांवर जगणारा पब्लिसिस्ट. आज पाहिला तर वाटतं, अरेच्चा, रोल्सची अदलाबदल झाली की काय!

आपल्या मुंबईतही पत्रकारांचा दरारा होता. १९३५ मध्ये बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' सुरू केलं आणि त्यांच्या लेखणीला भलेभले टरकून असत. मग १९७१ मध्ये नारी हिरांनी 'स्टारडस्ट' काढलं. संपादक कोण, तर जेमतेम विशीतली मराठी मुलगी शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे. हिंग्लिशची फोडणी दिलेली भाषा आणि 'नीताज नॅटर' मधलं गॉसिप... स्टार मंडळी चिडायची, अबोला धरायची आणि पुढच्या अंकात आपलं काही आलंय का, तेही गुपचूप बघायची. कारण सरळ होतं. लोकांपर्यंत पोचायचे रस्ते मोजकेच आणि त्यांचे टोलनाके पत्रकारांच्या हातात.

त्या काळातली सगळ्यात गाजलेली कट्टी अमिताभ बच्चनची. १९७५ मध्ये आणीबाणी आली. प्रेसवर सेन्सॉरशिप लागली. गांधी कुटुंबाशी जवळीक असल्यामुळे यात अमिताभचाही हात असावा, असा फिल्मी मासिकांचा समज झाला. त्यांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. त्यानंही उलट त्यांना आपली दारं बंद केली. दशकभराहून अधिक काळ हे चाललं. आणि याच काळात 'अमर अकबर अँथनी' (१९७७), 'डॉन' आणि 'मुकद्दर का सिकंदर' (दोन्ही १९७८) आले. थिएटरांवर हाउसफुल्लचे बोर्ड लागायचे ते लागलेच. मुलाखतीवाचून पिक्चर अडत नाही, हे इंडस्ट्रीला तेव्हाच कळलं होतं. फक्त प्रत्येक जण अमिताभ नव्हता, एवढाच काय तो फरक.

तीन दिवसांचा खेळ

मग पारडं फिरलं कधी? उत्तर थिएटरातच सापडतं. 'शोले' १९७५ मध्ये लागला आणि मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. पहिल्या आठवड्यात पाहिला नाही तरी फिकीर नव्हती. १९९७ मध्ये दिल्लीत साकेतला पीव्हीआर अनुपम उघडलं, देशात मल्टिप्लेक्सचा जमाना आला. तेव्हापासून हळूहळू पिक्चरचं नशीब शुक्रवार ते रविवार एवढ्यात ठरायला लागलं. तीन दिवसांत गल्ला जमवायचा, तर त्या तीन दिवसांआधी हीरो सगळीकडे दिसलाच पाहिजे. म्हणजे पीआरचं काम प्रेस नोट वाटण्यापुरतं राहिलं नाही. ती रीतसर मोहीम झाली.

त्याच सुमारास चॅनेल्स वाढली, पुरवण्या वाढल्या, वेबसाइट आल्या. स्टार मात्र तेवढेच, मोजून दहा-बारा. मुलाखत मागणारे शंभर आणि देणारे दहा. ऑफिसात तुम्ही मार्केटिंगला असाल तर पुढचं सांगायलाच नको. मालाचा तुटवडा असला की भाव माल विकणाराच ठरवतो.

हॉलिवूडमध्ये हा भाव ठरवणारं सगळ्यात मोठं नाव होतं पॅट किंग्जली. टॉम क्रूझचं काम बाईंनी चौदा वर्षं पाहिलं. कोणत्या मासिकाला कव्हर द्यायचं, मुलाखत कुणी घ्यायची, कोणता विषय काढायचा नाही, सगळीकडे बाईंचा शब्द. पत्रकार त्यांच्या नावानं बोटं मोडत. पण त्या चौदा वर्षांत क्रूझची इमेज कशी होती? एकदम कडक इस्त्रीची!

२००४ मध्ये क्रूझनं त्यांना निरोप दिला आणि पीआरचं काम सख्ख्या बहिणीकडे सोपवलं. मे २००५ मध्ये तो ओप्रा विन्फ्रीच्या शोमध्ये गेला आणि केटी होम्सच्या प्रेमात सोफ्यावर उड्या मारल्या. जूनमध्ये मॅट लॉअरसमोर मानसिक आजारांवरच्या औषधांवरून तावातावानं वाद घातला. नोव्हेंबर उजाडेपर्यंत बहिणीच्या जागी पुन्हा व्यावसायिक पब्लिसिस्ट आला होता. तरी व्हायचं ते नुकसान झालंच. ऑगस्ट २००६ मध्ये पॅरामाउंटच्या मालकांनी त्याच्या वागणुकीचं कारण देत त्याच्या कंपनीशी असलेलं नातं तोडलं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, चांगला पब्लिसिस्ट स्टारला पत्रकारांपासून जेवढा वाचवतो, त्याहून जास्त त्याच्या स्वतःपासून वाचवतो. आणि दुसरी जरा खटकणारी. चौदा वर्षं आपण ज्याला टॉम क्रूझ समजत होतो, त्यातला टॉम क्रूझ किती आणि पॅट किंग्जली किती?

पत्रकारांसाठी पिक्चर, पत्रकारांवर अटी

नियंत्रणाचा हा हट्ट किती टोकाला जातो, याचं एक उदाहरण कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण 'काहीही हं!' म्हटलं असतं. 'अ मायटी हार्ट' हा अँजेलिना जोलीचा पिक्चर. पाकिस्तानात २००२ मध्ये ज्याची हत्या झाली, त्या डॅनियल पर्ल या पत्रकाराची आणि त्याच्या बायकोची ही गोष्ट. जून २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचा प्रीमियर झाला, तोही पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या मदतीसाठी. आणि त्याच वेळी जोलीची मुलाखत घेणाऱ्या पत्रकारांपुढे कागद ठेवला गेला. वैयक्तिक प्रश्न विचारणार नाही, अशी सही करा! पत्रकार भडकले, बोभाटा झाला, कागद मागे घेतला गेला आणि तिच्या वकिलानं चूक आपल्या अंगावर घेतली.

गंमत अशी, की नेहमी तोंडी असलेली अट या वेळी कागदावर आली, म्हणून ती दिसली. तोंडी राहिली असती तर दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतींत आपल्याला वासही आला नसता.

आपल्याकडे २००३ मध्ये एक वेगळाच टप्पा आला. टाइम्स समूहानं 'मीडियानेट' सुरू केलं. रंगीत पुरवण्यांमध्ये प्रसिद्धी हवी आहे? मग रीतसर पैसे मोजा. समूहाचं म्हणणं असं होतं, की पीआरवाले नाहीतरी पत्रकारांना भेटवस्तू देऊन बातम्या छापून आणतातच, मग तो व्यवहार थेट कंपनीशीच का होऊ नये? लॉजिक बिनतोड वाटतं. फक्त पुरवणी वाचणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. आजही अशा काही पुरवण्यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. हे प्रमोशनल फीचर आहे, अशा अर्थाची. चष्मा पुसून बघा एकदा.

मराठीत मामला जरा घरगुती आहे. इथे धमकी चालत नाही, आपुलकी चालते. बजेट लहान आणि मंडळी सगळी ओळखीची. पिक्चरची टीम एकेका पेपरच्या ऑफिसात जाते, चहा होतो, फोटो होतो. "आपला मराठी सिनेमा आहे, जरा सांभाळून घ्या" एवढं म्हटलं की कडक प्रश्न घशातच राहतो. २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'च्या मंचावर एकामागून एक टीम प्रमोशनला येऊ लागली, हिंदीतले स्टारही आले. तिथे तर प्रश्नच नकोत, थुकरटवाडीतला धिंगाणा बास! हसता हसता पिक्चर विकला जातो, आणि खरं सांगायचं तर अनेक मुलाखतींपेक्षा हे जास्त प्रामाणिक वाटतं. निदान इथे मुलाखतीचा आव तरी नसतो.

ती बिचारीसुद्धा नोकरीच करते

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पब्लिसिस्ट व्हिलन! नाही हो. जरा तिच्या खुर्चीत बसून बघा. बहुतेक वेळा ती तुमच्याच वयाची असते. क्लाएंटचा मूड सांभाळायचा, निर्मात्याचं टार्गेट गाठायचं, पन्नास पत्रकारांचा रुसवा काढायचा. रात्री दोन वाजता "अमुक साइटवरचा तो फोटो काढायला सांग" असा फोन येतो आणि सकाळी नऊला ती पुन्हा हसतमुख. क्लाएंट सर्व्हिसिंगमध्ये काम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

आणि तिची ढाल कधीकधी खरंच लागते, कारण पत्रकारही काही कमी नसतात. जुलै २०१६ ची गोष्ट. सानिया मिर्झा दुहेरीत जगात पहिल्या नंबरवर होती, नुकतंच आत्मचरित्र आलं होतं. मुलाखतीत राजदीप सरदेसाईंसारख्या अनुभवी पत्रकारानं तिला विचारलं, सेटल कधी होणार, आई कधी होणार? सानियानं तिथल्या तिथे सुनावलं, की जगात पहिल्या नंबरवर असणं म्हणजे सेटल होणं नाही का? सरदेसाईंनी कॅमेऱ्यासमोरच माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला आपण हे कधी विचारलं नसतं, असंही कबूल केलं. सानिया होती म्हणून निभावलं. जिला असं पटकन बोलता येत नाही, अशा एखाद्या नवख्या नटीच्या वतीनं "नो पर्सनल क्वेश्चन्स" म्हणणारं कुणीतरी बाजूला असलेलं बरंच.

एप्रिल २०१५ मधला तो व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर 'अॅव्हेंजर्स'साठी ब्रिटनच्या चॅनेल फोरवर बसला होता. कृष्णन गुरुमूर्तींनी त्याचं जुनं व्यसन, तुरुंग, वडील हे विषय काढले आणि स्वारी उठून चालती झाली. तेव्हा ऑफिसा-ऑफिसांत दोन तट पडले होते. एक म्हणत होता, अरे पिक्चरविषयी बोलायला आलाय, जखमा कशाला उकरता? दुसरा म्हणत होता, अरे तो पत्रकार आहे, त्यानं काय फक्त सुपरहीरोच्या सूटचं कौतुक करायचं? दोघांच्याही म्हणण्यात दम होता. म्हणून हा प्रश्न सोपा नाही.

न विचारलेल्या प्रश्नांची किंमत

पण मग भात सोडला की पोळी, आपल्याला काय फरक पडतो? दोन घटका टाइमपासच तर आहे! इथपर्यंत ठीक होतं. ऑक्टोबर २०१७ नंतर मात्र असं म्हणणं अवघड झालं.

हार्वी वाइनस्टीन. मिरामॅक्सचा सहसंस्थापक, ऑस्करच्या शर्यतीतला बादशहा. पत्रकारांना त्याच्या पार्ट्या हव्या होत्या, त्याचे स्टार हवे होते. त्याची स्वतःची पुस्तकं छापणारी शाखा होती. १९९९ मध्ये निघालेल्या 'टॉक' या मासिकातही मिरामॅक्सचा पैसा होता. बायकांशी तो कसा वागतो, याची कुजबुज वर्षानुवर्षं होती. सिनेमाच्या पानांवर मात्र त्याच्या ऑस्करच्या रणनीतीचं कौतुक छापून येत होतं.

शेवटी हे फोडलं कुणी? 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जोडी कँटर आणि मेगन टूही, आणि पाठोपाठ 'न्यूयॉर्कर'मध्ये रोनन फॅरो. यातल्या कँटर आणि टूही सिनेमाच्या बीटवरच्या नव्हत्याच, शोधपत्रकार होत्या. त्यांना वाइनस्टीनकडून पुढच्या महिन्यात कुणाची मुलाखत नको होती, कुठला पास नको होता. ज्यांना काहीच मागायचं नव्हतं, त्यांनीच विचारलं. पुढच्या वर्षी या कामाला पुलित्झर मिळालं. आपल्याकडेही २०१८ मध्ये मी टूची लाट आली, तेव्हा "अरे, हे तर सगळ्यांना माहीत होतं" हे वाक्य किती वेळा कानावर आलं आठवा. सगळ्यांना म्हणजे कुणाला? खोलीत बसलेल्यांना. पेपर वाचणाऱ्यांना नव्हे.

हेच तर खरं नुकसान आहे. पब्लिसिस्ट खोटं बोलायला लावते असं नाही, पत्रकार खोटं लिहितो असंही नाही. भात खरंच सोडलेला असतो! फक्त ज्या प्रश्नावर कुणाचं तरी आयुष्य टांगलेलं असतं, तो प्रश्न त्या दहा मिनिटांत बसत नाही.

आणि खाल्ल्या मिठाला जागण्याचा किस्सा बघायचा तर गोल्डन ग्लोबचा बघा. हे पुरस्कार हॉलिवूडमधल्या परदेशी पत्रकारांची संघटना द्यायची. सदस्य जेमतेम ८७. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं छापलं, की यात एकही कृष्णवर्णीय सदस्य नाही. शिवाय 'एमिली इन पॅरिस'च्या सेटवर २०१९ मध्ये तीसहून अधिक सदस्यांची पॅरिसला पंचतारांकित सरबराई झाली होती. पुढे ती मालिका नामांकनांतही आली! मग संघटनेला कुणी वठणीवर आणलं असेल? वाचकांनी? संपादकांनी? नाही, पब्लिसिस्टांनी! मार्च २०२१ मध्ये शंभरहून अधिक पीआर कंपन्यांनी जाहीर पत्र काढलं. सुधारणा करा, नाहीतर आमचे स्टार तुमच्याकडे येणार नाहीत. मे महिन्यात एनबीसीनं पुढच्या वर्षीचा सोहळा दाखवायला नकार दिला. टॉम क्रूझनं (हो, तोच!) आपले तीन गोल्डन ग्लोब परत केले. २०२३ मध्ये ती संघटना गुंडाळली गेली.

झालं ते चांगलंच झालं. पण पत्रकारांचं घर पब्लिसिस्टांनी झाडून काढावं, यातच चाव्या कुणाकडे आहेत ते कळतं.

आता तर मुलाखतच नको

आणि आता पुढचा अंक. जानेवारी २०२३ मध्ये 'पठाण' आला. शाहरुख चार वर्षांनी हीरो म्हणून परतत होता, म्हणजे मुलाखतींचा पाऊस पडायला हवा होता. त्यानं रिलीजच्या आधी मुलाखतीच दिल्या नाहीत. ट्विटरवर चाहत्यांशी 'आस्क एसआरके' खेळला, आवडेल त्या प्रश्नाला चटपटीत उत्तर, नावडत्याला टांग. प्रेससमोर तो आला पिक्चर हिट झाल्यावर. जगभरातला गल्ला हजार कोटींच्या पुढे गेला. १९७० च्या दशकात अमिताभला जे जमलं होतं, ते आता मोबाइलमुळे आणखी बऱ्याच जणांना जमू लागलं आहे.

टोलनाका बाजूला राहिला, स्टारनं आपला स्वतःचा एक्सप्रेस वे बांधला. फोटो त्याचा, कॅमेरा त्याचा, प्रश्नही त्यालाच आवडलेला. एअरपोर्टवर 'अचानक' टिपलेल्या फोटोंपैकी कितीतरींच्या आधी फोटोग्राफरला वेळ कळवलेली असते. बायोपिक घ्या, माहितीपट घ्या, ज्याच्यावर तो असतो त्याचीच कंपनी कधीकधी निर्माती असते. पब्लिसिस्ट गेलेली नाही. उलट तिला आता पत्रकाराची मनधरणीही करावी लागत नाही. एवढ्यानं जिंकल्यावर कधीकधी तिलाच चुकल्यासारखं वाटत असणार. कारण लोकांचा विश्वास बसायला समोर एखादा तरी बाहेरचा माणूस लागतो. स्वतःच स्वतःला गोल्ड मेडल दिलं, तर टाळ्या कोण वाजवणार?

मग आपण काय करायचं? मुलाखती वाचणं सोडायचं? छे, चहाबरोबर मजा येते! फक्त एक-दोन सवयी लावून घ्या. मुलाखत कधी आली ते बघा. रिलीजच्या आठवड्यातली असेल, तर ती ट्रेलरचाच लांबलेला भाग समजा. स्टारचं पुढच्या दोन वर्षांत काहीच येणार नाही आणि तरी तो बोलतोय, तर ती नीट वाचा. मुलाखतकाराचं नाव लक्षात ठेवा, एखाद्यानं अवघड प्रश्न विचारला असेल तर त्याचं पुढचं लिखाण शोधून वाचा. संपादक मंडळी आकडे बघतात, आणि आकडे म्हणजे आपणच की. पुढच्या मुलाखतीची भीती दाखवायला पब्लिसिस्ट आहे, तर पुढच्या वाचकाची लालूच दाखवायला आपण आहोत.

आणि शेवटची सवय सगळ्यात सोपी. मुलाखत वाचून संपली की डोळे मिटा आणि मनाशी म्हणा, मी तिथे असतो, तर काय विचारलं असतं? तो प्रश्न त्या पानावर कुठे दिसतोय का बघा. नसेल दिसत, तर समजा की कुणीतरी तो विचारायला तोंड उघडलं होतं, आणि तेवढ्यात घड्याळाकडे बघत मागून आवाज आला होता, थँक यू सो मच, टाइम इज अप!